कॅरींची बाग आणि नई सडकेवरचे लिलीचे कांदे



उपवासकाळ सुरू झाला की आमच्या मंडळीत एक प्रश्न दरवर्षी निघतो : ईस्टरला वेदीवर फुलं कोणती ठेवायची? चित्रांत दिसते ती पांढरी ईस्टर लिली आमच्या ग्वाल्हेरला जगत नाही. मार्चच्या शेवटी इथलं ऊन असं तापतं की ती नाजूक बाई मानच टाकते. बाजारात झेंडू असतो, गुलाब असतो. पण गेली कित्येक वर्षं आमच्या वेदीवर ईस्टरला लाल लिली असते, आणि ती कुणाच्या तरी घरच्या कुंडीतून आलेली असते. नर्सरीवाले तिला अमेरिलिस म्हणतात. घरोघरी ती नुसती 'लिली'.

फुलांची सेवा माझ्याकडे आहे, म्हणून हा लेख माझ्याकडे आला. खरं तर तो लिहायला मला दोन वर्षं उशीर झाला आहे. का, ते पुढे सांगते.

आमचं घर नई सडकेच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. गच्ची जुन्या पद्धतीची, दगडी पटियांची. मे महिन्यात दुपारी तिच्यावर पाय ठेवता येत नाही. या गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यापाशी मातीच्या पाच कुंड्या आल्या त्या मंडळीतल्या एका काकूंच्या. काकूंचे वडील नगरहून नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या घरी प्रार्थना मराठीत, भांडणं हिंदीत. ऐंशी ओलांडल्यावर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या : कडा झिजलेला एक मराठी नवा करार, आणि या पाच कुंड्या. म्हणाल्या, "पुस्तक वाचलं नाहीस तरी राहील गं. कांद्यांकडे मात्र बघ."

मी बघितलं, आणि जास्तच बघितलं. डिसेंबरात पानं पिवळी पडून झोपली तेव्हा मला वाटलं झाड तहानलेलं आहे. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक असेल, सकाळी धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. त्या थंडीत मी रोज सकाळी प्रेमाने तांब्याभर पाणी घालत राहिले. फेब्रुवारीत तीन कुंड्यांतून हिरवी टोकं निघाली. उरलेल्या दोन कुंड्यांतले कांदे बोटाने दाबले तर बोट आत गेलं, आणि असा वास आला की मी मागे सरले.

काकू फोनवर दर वेळी विचारायच्या, "कांदे कसे आहेत?" मी म्हणायचे, "छान आहेत, काकू." म्हणजे तीन छान होते. दोनांचं मी बोलले नाही.

त्या अपराधी मनाने मी लिलीविषयी वाचायला घेतलं आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी पोहोचले. या फुलाच्या इतिहासात मला आपल्या मराठी शास्त्राचा पहिला छापणारा माणूस भेटला.

आधी नावाचा घोळ. 'अमेरिलिस' हे नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली दिलं. व्हर्जिल या रोमन कवीच्या गोपगीतांत या नावाची एक मेंढपाळीण आहे, तिच्यावरून. पण खरी अमेरिलिस दक्षिण आफ्रिकेची. आपण कुंडीत लावतो ती दक्षिण अमेरिकेची, तिची दूरची बहीण. दोघी वेगळ्या आहेत हे ओळखून १८२१ साली आपल्या लिलीला 'हिप्पिॲस्ट्रम' हे नाव देणारा माणूस एक पाळक होता : इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या स्पॉफर्थ गावचे रेव्ह. विल्यम हर्बर्ट, जे पुढे मँचेस्टरचे डीन झाले. हिप्पिॲस्ट्रम म्हणजे घोडेस्वाराचा तारा. नाव कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी लोकांनी ते उचललं नाही. शास्त्रज्ञांचा वाद मात्र पुढे दीडशेहून अधिक वर्षं चालला आणि १९८७ साली त्यांच्या जागतिक परिषदेत अमेरिलिस हे नाव आफ्रिकेच्या फुलालाच राहील असं ठरलं. नई सडकेवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

जुन्या वाड्यांत, बंगल्यांच्या आवारांत दिसणारी लाल पाकळ्यांवर पांढरा पट्टा असलेली लिली ही बहुधा पहिल्या संकराची वंशज. तो संकर १७९९ च्या सुमारास आर्थर जॉन्सन नावाच्या इंग्लंडातल्या एका घड्याळजीने केला. दिवसभर चाकं आणि स्प्रिंगा बघणारा माणूस संध्याकाळी एका फुलाचा पराग दुसऱ्यावर लावत होता! संकरित झाड वांझ असतं असं त्या काळी पुष्कळांना वाटत असे. हर्बर्टसाहेबांनी याच कुळातल्या फुलांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून ते तसं नाही हे दाखवलं. १८३७ साली त्यांनी या सबंध कुळावर मोठा ग्रंथ काढला, आणि पुढे डार्विननेही त्यांच्या प्रयोगांचा आधार घेतला.

या हर्बर्टसाहेबांनी लिलीच्याच कुळातल्या क्रायनमच्या एका जातीला नाव दिलं आहे 'कॅरियानम'. क्रायनम म्हणजे आपला नागदवणा. इकडे हिंदीत सुदर्शन म्हणतात आणि कान दुखला की त्याच्या पानाचा रस कोमट करून घालतात (तुम्ही डॉक्टरकडे जा, हे फक्त माहितीसाठी). कॅरियानम हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते आपले डॉ. विल्यम कॅरी.

कॅरी आपल्याला माहीत असतात ते शास्त्राचे भाषांतरकार म्हणून. जन्म १७६१ चा, धंद्याने चांभार, शाळा बेताची. १७९३ च्या नोव्हेंबरात ते कलकत्त्याला उतरले आणि १८०० च्या जानेवारीत सेरामपूरला स्थिरावले. हे सेरामपूर म्हणजे बंगालमधलं, हुगळीच्या काठचं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं श्रीरामपूर. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या थोड्या हिरमुसल्या होत्या.

कॅरींचा मराठीशी संबंध कसा आला, हे मला नीट माहीत नव्हतं. १८०३ साली इंग्रजांची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी लढाई झाली. मराठी मुलुखाशी कामकाज वाढलं, तसे कंपनीला मराठी जाणणारे अंमलदार हवे झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी आधीच बंगाली आणि संस्कृत शिकवत होते, त्यांच्याकडे मराठीही आली. त्यांच्यासोबत पंडित वैजनाथ शर्मा होते. १८०५ साली कॅरींचं मराठी व्याकरण निघालं, त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापून आलं. १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश, १८११ साली नवा करार. म्हणजे आपल्या भाषेतलं शुभवर्तमान ज्या हाताने छापलं, त्याच हाताला पगार मराठ्यांवर राज्य करू पाहणाऱ्या कंपनीचा होता. ही गोष्ट मी झाकून ठेवणार नाही, कारण ती खरी आहे. आणि महिन्याला आधी पाचशे, पुढे हजार रुपये मिळणारा तो पगार कॅरींनी स्वतःकडे न ठेवता मिशनच्या सामाईक खात्यात घातला, हेही खरं आहे.

आता तारखा बघा. १८१० साली कॅरींचा मराठी कोश छापला गेला, आणि त्याच सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला आपली छावणी टाकली. ती छावणी उठलीच नाही. तिचंच शहर झालं आणि नावही तेच राहिलं, लष्कर. आमची नई सडक याच लष्करातली. या गल्ल्यांत मराठी बोलणारी पहिली माणसं तंबू ठोकत होती, तेव्हा हजारेक किलोमीटरवर एक चांभार आणि एक पंडित त्यांच्याच भाषेतले शब्द खिळ्यांत जुळवत होते.

आणि पहाटे तो चांभार बागेत असायचा.

सेरामपूरला कॅरींची सुमारे पाच एकरांची बाग होती. हौसेची नव्हे, शास्त्रशुद्ध लावलेली, लिनियसच्या पद्धतीने वाफे पाडलेली. तीच त्यांची प्रार्थनेची जागा. सूर्य उगवताना आणि मावळताना ते तिथे एकटे असत. जगभरातून ते बिया आणि कांदे मागवत. मुलगा जेबझ अंबॉयना बेटावर सेवेला गेला, तर त्यालाही पत्रांतून झाडं पाठव, बिया पाठव असा तगादा. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनी एकदा रिकामी करून एका कोपऱ्यात झटकली, तर त्या मातीतून इंग्लंडच्या गवतात उगवणारं साधं डेझीचं फूल वर आलं. ते पाहून हा माणूस लहान मुलासारखा हरखला होता. १८२० साली त्यांनी कलकत्त्याला शेती आणि बागकामासाठी संस्था काढली, ती अलीपूरला आजही चालू आहे. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाचं भारतीय वनस्पतींवरचं मोठं काम त्यांनीच सेरामपूरच्या छापखान्यातून छापून काढलं. कोकणातला कुंभा तुम्ही पाहिला असेल. त्या झाडाचं शास्त्रीय नाव 'कॅरेया', तेही यांच्यावरूनच, रॉक्सबर्गने दिलेलं.

एक गोष्ट मात्र मला बाग वाचताना सारखी टोचत राहिली. कॅरींची पत्नी डोरथी. तिला या देशात यायचं नव्हतं. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला आणि त्यानंतर तिचं मन जे ढळलं ते परत आलंच नाही. १८०७ साली ती वारली, तोवरची कित्येक वर्षं एका खोलीत कोंडलेली. शेजारच्या खोलीत भाषांतर चालू असे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली, उद्याची चिंता करू नका असं सांगणारी वचनं मराठीत उतरली तेव्हाही ती भिंतीपलीकडे असणार. आपण कॅरींचे गोडवे गातो तेव्हा तिचं नाव घेत नाही. मी इथे घेते आहे.

त्याच अध्यायात रानातल्या फुलांचं वचन आहे. आपल्या मराठी शास्त्रात त्यांना 'भूकमळे' म्हटलं आहे. पॅलेस्टाइनच्या रानातलं ते नेमकं कोणतं फूल, यावर जाणत्यांचं एकमत नाही. पुष्कळांच्या मते ते तांबडं ॲनिमोन असावं. आपली लिली ते नक्कीच नव्हे, ती तर कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आली. पण लिलीच्या कांद्याविषयी एक गोष्ट वाचली आणि ते वचन मला वेगळंच वाटू लागलं. हा कांदा साधारण दर चार पानांमागे आत एक कळी धरतो. ती धरल्यापासून फुलेपर्यंत सुमारे वर्ष जातं. म्हणजे या ईस्टरला वेदीवर दिसेल ते फूल मागच्या वर्षीच आत तयार व्हायला लागलेलं असतं. ते बाहेरून दिसत नाही, आणि आपण काही करत नाही.

आपण फक्त बिघडवू शकतो. मी बिघडवलं तसं. म्हणून आता काळजीचं सांगते.

कांदा लावताना कुंडी मोठी घेऊ नका. कांद्याच्या सभोवती दोन-तीन बोटं जागा राहील एवढीच पुरे. कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा, खांद्यासकट, मातीच्या वर राहू द्या. गाडलेला कांदा ओलीने सडतो. माती बागेतली, त्यात वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवायची, भोक बुजवायचं नाही. ग्वाल्हेरला फुलं मार्चअखेर ते एप्रिल. त्यानंतर लोक जी चूक करतात ती म्हणजे फुलं सुकली की पानंही कापतात, कारण ती बेढब दिसतात. पानं कापू नका. सुकलेला दांडा कापा. पुढच्या वर्षीची कळी त्या पानांच्या जिवावर धरली जाते. मे-जूनच्या लूमध्ये सकाळचंच ऊन मिळेल अशा जागी कुंडी सरकवा. पटियांची गच्ची असेल तर कुंडीखाली दोन विटा ठेवा, नाहीतर मुळं भाजतात. पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबू देऊ नका. ऑगस्टपर्यंत अधूनमधून शेणखताचं पाणी. दिवाळीनंतर पाणी कमी करत जा आणि कडाक्याच्या थंडीत बंद. अगदीच कोरडं वाटलं तर महिन्यात एकदा चमचाभर. फेब्रुवारीत कांद्याच्या शेंड्यावर हिरवं टोक दिसलं की पाणी सुरू.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके असलेल्या अळ्या येतात. लिलीच्या पतंगाच्या त्या अळ्या एका रात्रीत पान आतून पोखरून पांढरं करतात. औषध शोधत बसू नका, सकाळी चष्मा लावून एकेक उचला. कांद्याला मध्येच तांबडे डाग पडले तर तो बुरशीचा रोग. डाग पडलेली सालं काढा, पाणी कमी करा, ती कुंडी इतरांपासून दूर ठेवा. आणि घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर कुंडी वर ठेवा. हा कांदा विषारी आहे, पोटात गेला तर उलट्या होतात. स्वयंपाकघरात तर चुकूनही ठेवू नका, जेवणातल्या कांद्यासारखाच दिसतो.

वेदीसाठी फूल कापायचं तर कळ्यांना रंग आला आहे पण त्या उमलल्या नाहीत, अशा वेळी शनिवारी सकाळी कापा. दांडा आतून पोकळ असतो. तो उलटा धरून पाण्याने भरा आणि तोंडाला कापसाचा बोळा लावा. टोक फाटून बाहेर वळतं, म्हणून खाली रबर बांधा. असं केलं तर आठवडाभर टिकतो.

कॅरींच्या बागेचं पुढे काय झालं ते राहिलं. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागून वर्षांची हस्तलिखितं जळाली, ती त्यांनी पुन्हा लिहायला घेतली. १८२३ साली दामोदर नदीला पूर आला आणि बाग पाण्याखाली गेली. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे, नुकतेच पडून आजारी. त्यांनी पुन्हा लावली. पुढे वादळांनीही झोडपली. शेवटच्या दिवसांत चालवेना, तेव्हा खुर्चीतून बागेत नेत. तेही होईना, तेव्हा मुख्य माळी खोलीत येऊन झाडांची खबर देई. मी गेल्यावर मार्शमनबंधू बागेत गाई सोडतील, असं ते एकदा खिन्नपणे म्हणाले होते. मार्शमननी ती बाग जपणं पवित्र कर्तव्य मानीन असं वचन दिलं. ९ जून १८३४ रोजी कॅरी गेले. पुढे ती बाग राहिली नाही. त्या जागी तागाची गिरणी झाली.

त्यांचं मराठी भाषांतरही टिकलं नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती भाषा सदोष वाटली, त्यांनी १८२६ साली आपला वेगळा नवा करार छापला, आणि त्यानंतरही तो अनेकदा नव्याने झाला. काकूंनी मला दिलेल्या पुस्तकात कॅरींचं एखादं वाक्य तरी उरलं असेल का? मला वाटतं नसेल. आणि तरी ते पुस्तक हातात धरलं की मला तो पहाटेचा माणूस दिसतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकूंना फोन केला आणि दोन कांदे मी मारले हे सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाल्या, "हिवाळ्यात पाणी घातलंस ना? मीही पहिल्या वर्षी घातलं होतं. माझे तर सगळे गेले होते." मी विचारलं, मग हे पाच कुठून आले? म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनी पुन्हा दिले. एक शब्द बोलल्या नाहीत."

उरलेल्या तिन्ही कांद्यांच्या कडेला आता पिल्लं धरली आहेत. यंदा माती बदलताना सात निघाली. तीन मी ठेवली, दोन मंडळीतल्या एका नव्या जोडप्याला दिली. त्यांना सांगताना माझ्या तोंडून काकूंचाच आवाज आला : पाणी कमी. उरलेली दोन पुण्याला चालली आहेत. सुप्त कांदा कोरडा ठेवला तर आठवडे टिकतो, समुद्रावरून महिने काढून असेच कांदे आले. हे तर झेलम एक्सप्रेसने एका दिवसात पोहोचतील, मंडळीतले एक बंधू तिकडे निघाले आहेत. कांदे वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत घातले आहेत, आणि काकूंच्या सुनेसाठी पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : 'भाजीत घालू नये. टोक दिसेपर्यंत पाणी नको.'